कोथरूडमधील क्रीडावर्ग : लिंबूटिंबूंसाठी उत्तम, मोठ्यांसाठी जपून

कोथरूडमधील एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी भरणाऱ्या या वर्गात सहा ते बारा वर्षांची मुले येतात. पुण्यात क्रिकेट, बॅडमिंटन आणि स्केटिंग शिकवणाऱ्यांची वानवा नाही. येथे मात्र एकच खेळ पक्का करून घेण्याऐवजी धावणे, उडी मारणे, झेलणे, नेम धरणे आणि तोल सांभाळणे यांवर भर असतो, आणि ‘मला खेळता येत नाही’ असे मनाशी ठरवून बसलेल्या मुलांना नेमकी याचीच गरज असते.

पाच-सहा वर्षांचे मूल स्वतःला सहसा आहे त्यापेक्षा अधिक तरबेज समजते आणि त्या भरात भरपूर खेळते. पुढे इयत्ता वाढते तशी ते इतरांशी तुलना करू लागते; आपण कमी पडतो असे वाटले की मैदान टाळते, सराव घटतो आणि कौशल्य खरोखरच मागे राहते. मुलांच्या शारीरिक कौशल्यांचे अभ्यासक डेव्हिड स्टॉडन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली मांडलेल्या प्रारूपात हेच चक्र दाखवले आहे. नुसत्या शाबासकीने ते तुटत नाही. आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार स्वतः एखादी गोष्ट जमवल्याचा अनुभव हा असतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्येच सांगितले होते.

लहान मुलांच्या बॅचमधील खो-खो या कसोटीला उतरतो. नेहमीच्या खेळात बाद झालेला गडी बाहेर बसतो, म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे तोच सर्वांत कमी धावतो. येथे बाद झालेले मूल खांबाला हात लावून पुन्हा आत येते. शिवाय पाठलागाच्या बाजूचे आठ जण बसलेले असल्याने, फारसा वेग नसलेल्या मुलालाही खो मिळताच चपळाईने उठून चार पावलांत गडी टिपता येतो. शिकवणाऱ्या ताई त्या वेळी ‘छान’ एवढेच म्हणत नाहीत, तर ‘उठताना या वेळी तोल गेला नाही’ असे नेमके सांगतात. (कुंपणाबाहेरून ओरडून सूचना देणाऱ्या पालकांना त्या शांतपणे दूर बसवतात, हे मला विशेष आवडले.)

मोठ्या मुलांच्या बॅचबद्दल इतके चांगले लिहिता येत नाही. तेथे धावण्याच्या वेळा घेऊन क्रमवारी मोठ्याने वाचली जाते आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकली जाते. तुलनेची धार याच वयात वाढते, त्यामुळे तळाच्या मुलांची, विशेषतः मुलींची, गैरहजेरी वाढावी यात नवल नाही. जगभरात 11 ते 17 वयोगटातील सुमारे 81 टक्के मुले पुरेशी हालचाल करत नाहीत, असे 2016 पर्यंतच्या आकडेवारीवरून दिसून आले होते. अशा वेळी मैदानावर आलेले मूल गमावणे परवडणारे नाही. प्रत्येकाची आजची वेळ त्याच्याच मागील वेळेशी ताडून पाहिली, तरी बरेच साधेल.

वर्ग आठवड्यातून तीनदा, तासभर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने या वयासाठी रोज सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली असल्याने उरलेल्या दिवशी सोसायटीतील खेळ किंवा तळजाईची टेकडी यांना पर्याय नाही. पावसाळ्यात सराव सभागृहात होतो आणि जागा तोकडी पडते. फी तीन महिन्यांची एकदम घेतात. पहिला आठवडा विनामूल्य आहे, तेवढ्यात मोठ्यांच्या बॅचमधील वेळांची नोंद कशी होते ते पाहून मगच पैसे भरावेत.