मुलांना निर्णयात सामील करून घेणारी सर्व्हिस: पैसे वसूल, पण वेळेचं बघा

आमच्या वस्तीतल्या रिकाम्या मैदानाचं काय करायचं हे ठरवताना तरुण मुलामुलींना पण घ्यायचं म्हणून कमिटीने ही सर्व्हिस घेतली. म्हणजे एक टीम येते, आधी मोठ्यांशी बोलते, मग मुलांची सत्रं घेते आणि शेवटी दोघांना समोरासमोर बसवून निर्णय करून घेते. मला जाम आवडली, का ते नीट सांगते, कारण युवा सहभाग म्हणत फोटो काढून निघून जाणारे पण बरेच असतात.

सगळ्यात भारी म्हणजे पहिली मीटिंग मुलांशी नाहीच, मोठ्यांशी. त्यात सरळ विचारलं की बजेटमधला कुठला भाग मुलं ठरवणार ते आत्ताच लिहून द्या, नंतर फिरवायचं नाही. कमिटीत चुळबुळ झाली, मुलांना खर्चातलं काय कळतंय वगैरे निघालं, तेव्हा टीमने अमेरिकेतल्या बॉस्टनचं सांगितलं, तिथे २०१४ मध्ये शहराच्या बजेटमधले १० लाख डॉलर कशावर खर्चायचे ते १२ ते २५ वयाच्यांनी मतदान करून ठरवलं. मग कुठे सह्या झाल्या. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेली, मुलांचा सहभाग किती खरा आहे ते दाखवणारी आठ पायऱ्यांची शिडी पण दाखवली, त्यातल्या खालच्या तीन म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं घेणं, याला सहभाग धरतच नाहीत. बहुतेक कार्यक्रम तिथेच अडकतात असं माझं स्पष्ट मत आहे, स्टेजवर एक मुलगी छान भाषण करते, टाळ्या पडतात आणि ठराव आधीच झालेला असतो.

सत्रं पण मस्त घेतली. मैदानाचा मोठा नकाशा जमिनीवर अंथरला, आधी सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहायच्या, बोलायचं नंतर, त्यामुळे बोलक्या मुलांचंच चाललं असं झालं नाही. एका शाळकरी मुलीने मागच्या गेटवर लाल टिकली चिकटवली आणि म्हणाली, इथे संध्याकाळी अंधार असतो म्हणून आम्ही मुली येतच नाही. कमिटीच्या यादीत दिवे नव्हतेच, आता पहिल्या नंबरवर आहेत.

आणि उत्तराचा कागद! मुलांच्या प्रत्येक सूचनेपुढे मान्य की अमान्य, आणि अमान्य तर का, हे कमिटीने लेखी द्यायचं. स्केटिंगचा ट्रॅक नाकारला, पण देखभालीला माणूस नाही हे कारण समोर बसून सांगितलं, मुलं नाराज झाली तरी उठून गेली नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ पण हेच म्हणतं, मुलांना मत मांडू द्या आणि वय आणि समज बघून त्या मताला वजन द्या. वजन दिलं की नाही ते या कागदावरून लगेच कळतं.

आता खटकलेलं. सत्रं परीक्षेच्या तोंडावर आणि ती पण दुपारी, त्यामुळे शिकतशिकत नोकरी करणारी मुलं जवळजवळ आलीच नाहीत, आणि त्यांचं ऐकणं सगळ्यात गरजेचं होतं. मतदानाचं ॲप तर डोकेदुखी, प्रत्येकाला वेगळा मोबाईल नंबर मागतं, ज्या भावंडांत एकच फोन आहे त्यांनी काय करायचं? शेवटी कागदी मतपत्रिका काढल्या. आणि निर्णय झाला की टीमचं काम संपतं, पुढे काम खरंच होतंय का ते बघायला कोणी नाही. आम्ही देखरेखीच्या गटात दोन मुलं मत देण्याच्या हक्कासकट घेतली, तुम्ही सर्व्हिस घेणार असाल तर हे करारातच टाकून घ्या आणि सत्रांची वेळ मुलांना विचारूनच ठरवा.

पाचपैकी चार स्टार.