जेर्गो की लिंग्वाज्जो?

इटालियन शिकणारी माझी मैत्रीण वैद्यकीय मजकुराशी झुंजताना अडली. डॉक्टरांच्या परिभाषेला 'जेर्गो' म्हणायचं की 'लिंग्वाज्जो'? शब्दकोश दोन्ही देतो, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

व्याप्ती पाहिली तर लिंग्वाज्जो फार ऐसपैस. कायद्याची परिभाषा, देहबोली, संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा, सगळं त्यात मावतं. जेर्गो मात्र एका गटाचा: सैनिकांचा, विद्यार्थ्यांचा, गुन्हेगारांचा. 

खरा फरक सुरात आहे. 'लिंग्वाज्जो मेदिको' हे तटस्थ वर्णन झालं. 'जेर्गो मेदिको' म्हटलं की बाहेरच्याला कळत नाही ही छटा डोकावते. रुग्णाच्या तक्रारीत तोच शब्द शोभतो. मात्र 'इन जेर्गो' म्हणजे 'या धंद्यात याला असं म्हणतात', त्यात टीका नसते.

व्याकरणाचा त्रास सारखाच: दोन्ही पुल्लिंगी, अनेकवचनं लिंग्वाज्जी आणि जेर्गी.

एक सावधगिरी. इटलीच्या बहिऱ्या समाजाची खूणभाषा ही 'लिंग्वा', म्हणजे पूर्ण भाषा. तिला लिंग्वाज्जो म्हणणं त्यांना खटकतं, आणि ते रास्तच आहे. 2021 मध्ये कायद्यानेही तिला लिंग्वा म्हणूनच मान्यता दिली.

तेव्हा अहवाल, प्रबंध, पाठ्यपुस्तक यांसाठी डोळे झाकून लिंग्वाज्जो घ्या. कथेतले संवाद, तरुणांची बोली किंवा न कळणाऱ्या सरकारी भाषेवरचा राग लिहायचा असेल, तर जेर्गोच हवा. मैत्रिणीचा मजकूर पाठ्यपुस्तकाचा होता, म्हणून मी तिला लिंग्वाज्जो सुचवला.