आठ हजार चारशेचे शिपाई

आमच्या घरी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवायचं काम आजोबांपासून आहे. आर्वीकडचं खेडं आमचं. श्रावण लागला की ओसरीत बैलांची रांग. ब्रश धरायला मी तिथंच शिकलो आणि पुढे टेबलावर लढाया खेळायचे धातूचे शिपाई रंगवायच्या नादी लागलो. काळ ठरलेला: १७५६ ते १७६३ चं सप्तवर्षीय युद्ध. प्लासी त्यातलीच, आणि आपलं पानिपतही त्याच वर्षांतलं.

दिवाळीत पहिल्या वेच्याच्या कापसाचे पैसे हातात होते आणि एक जाहिरात दिसली. प्रशियाचं (त्या काळच्या जर्मन राज्याचं) पायदळ, ६० नग, २८ मिलिमीटर, इंग्लंडमध्ये बनलेले जुने अस्सल, रंगवलेले, ८,४०० रुपये. म्हणजे नगाला १४०. बाहेरून कोरा शिपाई मागवला तरी टपालखर्च धरून याहून महाग पडतो. तिथंच ओळखायला हवं होतं. पण ते फोटो! गडद निळे कोट, दुमडलेले लाल पदर, बारीक टिंबांची बटणं. मी गालांवरची छटा बघत बसलो. व्हिडिओ मागितला तर म्हणे माल पॅक झाला. पुन्हा विचारलं तर, "दादा, विश्वास नसेल तर राहू द्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." पाठवले सगळे पैसे एका झटक्यात, यूपीआयवर.

नवव्या दिवशी पोस्टमन काका आले. "भौ, लय जड हाय रे तुयं पार्सल. खिळे मागवले का?"

उघडून माझा एक अस्सल शिपाई शेजारी उभा केला. नव्याचे डोळे जेमतेम त्याच्या हनुवटीला. दुसऱ्याच्या शिपायाचा रबरी साचा काढून ओतलेली ही नक्कल, आणि तिचीही नक्कल. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे दर पिढीला शिपाई खुजा होत जातो. नखानं खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली पुट्टी, पुट्टीखाली बुडबुड्यांची भोकं. साच्याची रेघ बरोबर नाकावरून. बंदूक बोटानं वाकली. (नुसतं शिसं असणं हा पुरावा नाही, जुन्या अस्सल शिपायांतही ते असतं. पण घासलं तर हात धुवा, पोरांपासून लांब ठेवा.) वर चौदा जणांच्या डोक्यावर शाको! ही उंच नळकांडी टोपी नेपोलियनच्या काळात रुळली. १७५७ मध्ये लॉयथेनच्या लढाईत जवळपास दुप्पट ऑस्ट्रियन फौज हरवणारं प्रशियाच्या राजा फ्रेडरिकचं बहुतेक पायदळ तिकोनी टोप्या घालून लढलं होतं.

आई म्हणाली, "सहा पोते डीएपी आलं असतं." बाबांनी एक शिपाई उलटसुलट करून पाहिला. "भेगा पडल्या बैलालेच रंग जास्त द्या लागते. तुले मालूम नोतं का?"

मालूम होतं. दरवर्षी मीच त्या भेगांत पुट्टी भरतो.

विक्रेत्याशी हुज्जत घालण्यात मी आठ दिवस घालवले, मग त्यानं मला ब्लॉक केलं. १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन तेव्हा कुठे केला. तो पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, पैसा पुढे सरकायच्या आत. पार्सल फोडतानाचा व्हिडिओही माझ्याकडे नव्हता. त्या फोटोवरूनच इंटरनेटवर शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घेतला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं, ते एका परदेशी रंगाऱ्याचे होते. आता मी बिनरंगी नग मागतो, बेसच्या (पायाखालच्या चकतीच्या) खालचा फोटो मागतो, शेजारी पट्टी ठेवायला सांगतो. कुरकुर करणाऱ्याकडून घेत नाही.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, भाव ७,२०० वर आलेला. फोटो तोच आहे: पुढच्या रांगेत डावीकडून तिसरा ढोलवाला, ढोलाच्या कडेचा रंगाचा टवका उडालेला.