दणक्यानंतरचे नऊ महिने: पिकअपची चाल कुठे बिघडली होती आणि ती कशी सापडली

गाडी डबल केबिन पिकअप आहे, डिझेल, फोर बाय फोर, खाजगी पासिंग. पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, खाली शिडीसारखी चेसिस. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपची रचना थोड्याफार फरकाने अशीच असते म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण गाडीचा यात काहीच दोष नाही, दणका माझ्या हातून बसला आणि एवढं होऊनही तिने मला काटोलवरून नागपूरला घरापर्यंत आणून सोडलं.

झालं असं की मागच्या नोव्हेंबरात आंबिया बहाराचा तोडा चालू होता. काटोलकडे आमचं संत्र्याचं वावर आहे, संध्याकाळची वेळ, मागे रिकामे क्रेट, आणि पांदणीने परत येताना पावसाळ्यात वाहून गेलेला रपटा, म्हणजे पाणी जायला पाइप टाकून केलेला ठेंगणा पूल, दोन्हीकडच्या गवतामुळे दिसलाच नाही. स्पीड पस्तीस-चाळीस असेल. डावं पुढचं चाक खड्ड्यात उतरून समोरच्या काठावर आदळलं आणि पाठोपाठ डावं मागचं चाकही त्याच काठावर. नुसती काळी माती असती तर तिने दणका खाल्ला असता, पण काठ सिमेंटच्या पाइपाचा होता. आवाज असा आला की मला वाटलं एक्सलच तुटला.

खाली उतरून टॉर्चने पाहिलं, ऑइल गळत नव्हतं, ब्रेकचा होस पाइप शाबूत होता, टाय रॉड डोळ्यांना सरळ दिसला, टायरला बाहेरून काही नव्हतं. टायरची आतली बाजू मात्र पाहिली नाही, ही चूक मला पुढे महागात पडली. चाळीसच्या स्पीडने घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून चार गोष्टी जाणवायला लागल्या. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग डावीकडे कललेलं राहायचं आणि वरून गाडी डावीकडे ओढायची. ७५ ते ८५ मध्ये स्टेअरिंगला थरथर. स्पीड ब्रेकरवर आणि सिमेंट रोडच्या जॉइंटवर डाव्या बाजूने टक्क आवाज. आणि चौथी गोष्ट सांगायला अवघड होती, ब्रेक मारला की मागची बाजू जरा सरकल्यासारखी वाटायची, जणू शेपूट हलून राहिली आहे. ही चौथी गोष्ट मी दोन ठिकाणी सांगितली आणि दोन्ही ठिकाणी खरं कारण कोणी शोधलं नाही.

पहिल्यांदा टायरवाल्याकडे गेलो. डाव्या पुढच्या रिमचा आतला काठ बसला होता, तो त्याने सरळ करून दिला, बॅलन्सिंग केलं, पुढच्या दोन चाकांचं अलाइनमेंट केलं आणि सगळे आकडे हिरवे असलेला कागद हातात दिला. मशीनवर स्टेअरिंग एकदम सरळ. काटोल रोडला लागलो, फेटरी येईपर्यंत स्टेअरिंग परत डावीकडे कललेलं. परत गेलो, परत सरळ करून दिलं, परत तेच. आता कळतं की हीच सगळ्यात मोठी खूण होती. पुढची दोन चाकं मशीनवर सरळ दाखवतात आणि रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहतं, तर बघायचं मागे असतं, कारण गाडी कोणत्या दिशेने ढकलली जाते ते मागचा एक्सल ठरवतो. तो जरा तिरपा बसला की पुढच्या चाकांना सतत थोडं वळून त्याची भरपाई करावी लागते. दोन चाकांच्या अलाइनमेंटमध्ये मागचा एक्सल मोजतच नाहीत, तर कागदावर काय दिसणार?

मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये टाकली. त्यांनी डाव्या पुढच्या चाकाचा खालचा आर्म, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणारा दांडा, थोडा वाकलेला आहे असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट मागे ढकलला गेला की त्या बाजूचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, कमी होतो आणि गाडी कॅस्टर कमी असलेल्या बाजूला ओढते. आर्म बॉल जॉइंटसकट नवा टाकला आणि डावीकडे ओढणं खरोखर थांबलं. पण मी शेपूट हलण्याचं सांगितलं म्हणून त्यांनी मागचे दोन्ही शॉकअपही बदलले, अकरा हजार त्यातच गेले, आणि शेपटीत काडीचा फरक पडला नाही. जुने शॉकअप मी मागून घेतले होते. घरी उभे करून दाबून पाहिले तर दोन्हींना सारखाच जोर लागत होता, दांडी सरळ, कुठे अडकत नव्हती, तेल गळल्याची खूण नाही. म्हणजे चांगले होते. ही तपासणी खोलल्यावर पाच मिनिटांची आहे, नवे टाकायच्या आधी करायला सांगा.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. आर्म बदलायच्या आधी तिथल्या मुलाने टेप लावून पुढच्या हबपासून, म्हणजे चाकाच्या मध्यापासून, मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं होतं, फरक आला फक्त ४ मिलिमीटर, आणि एवढा चालतो म्हणून मागचा विषय तिथेच संपला. मी पण समाधानी झालो होतो.

डिसेंबरच्या शेवटी कळमन्याच्या मार्केटला माल घेऊन जाताना माझा चुलतभाऊ मागून बाइकवर येत होता, तो उतरल्या उतरल्या म्हणाला, दादा, तुझी गाडी तिरपी चालून राहिली आहे. मी त्याला म्हटलं असं कसं दिसेल, तर त्याने अंगणातल्या सिमेंटवर पाणी टाकलं आणि मला त्यातून सरळ गाडी काढायला लावली. ओल्या खुणा पाहिल्या तर मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांपेक्षा इंचभर डावीकडे. दोन्ही चाकांच्या बाबतीत तेच. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण डोक्यात एकच होतं की चेसिस वाकली.

मग नागपूरजवळच्या वाडीला गेलो. तिथे ट्रान्सपोर्टच्या गाड्यांची कामं करणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांनी आधी गाडीला हातच लावला नाही, फक्त काय काय झालं ते विचारलं, कोणतं चाक आधी आदळलं, कुठल्या बाजूने, मागे वजन किती होतं. मग म्हणाले, "भाऊ, चाकापासून चाकापर्यंत काहून मोजता? दोन्ही चाकं मागं सरकली असतीन त फरक दिसनच नाही. चेसिसपासून मोजा."

आणि तेच झालं होतं. त्यांनी सपाट फरशीवर गाडी उभी केली, चारही टायरची हवा सारखी केली, गवंड्याचा ओळंबा घेऊन चेसिसच्या ठरलेल्या भोकांमधून जमिनीवर खडूच्या खुणा केल्या, हबच्याही केल्या, मग गाडी पुढे काढून जमिनीवर निवांत मोजलं. आधी तिरपी मापं, म्हणजे डाव्या पुढच्या भोकापासून उजव्या मागच्यापर्यंत आणि उलट. फरक २-३ मिलिमीटर. चेसिस सरळ. हे ऐकल्यावर मी तिथेच बाकावर बसलो, महिनाभराचं ओझं उतरलं. मग हब. डावं मागचं चाक जागेपासून १२ मिलिमीटर मागे. आता हिशोब लावा, दणक्यात पुढचं डावं चाक ८ मागे गेलं आणि मागचं १२ मागे गेलं, म्हणून दोघांमधलं अंतर फक्त ४ ने वाढलं होतं. एका दुखण्याने दुसरं झाकलं होतं. आर्म नवा पडला, पुढचं चाक जागेवर आलं, आणि तेव्हा कोणी टेप लावला असता तर पूर्ण १२ दिसले असते, पण परत कोणी मोजलंच नाही.

कारण सापडलं डाव्या पाट्यांच्या सेंटर बोल्टमध्ये. सगळे पाटे एकत्र धरणारा जो मधला बोल्ट असतो त्याचं डोकं एक्सल हाउसिंगच्या पॅडमधल्या भोकात बसतं आणि एक्सल पुढेमागे सरकू नये हे काम तेच डोकं करतं. ते तुटलं होतं. मग एक्सल फक्त त्याला पाट्यांशी आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या पकडीवर राहिला, आणि यू-बोल्टही सैल झाले होते. मिस्त्रींनी बोट लावून दाखवलं, यू-बोल्टच्या शेजारी पाट्यावर घासून चकचकीत झालेली पट्टी होती, बाकी सगळा गंज. म्हणजे एक्सल हलत होता. ब्रेक मारल्यावर शेपूट हलायची ती हीच. नंतर चार चाकांचं अलाइनमेंट करणाऱ्याकडे खात्री म्हणून दुरुस्तीच्या आधीच मोजून घेतलं, थ्रस्ट अँगल, म्हणजे मागचा एक्सल गाडीला सरळ रेषेपासून जितकं तिरपं ढकलतो तो कोन, ०.४४ डिग्री. दीड मीटर रुंदीत १२ मिलिमीटर म्हणजे साधारण अर्धा डिग्रीच होतो, आणि तीन मीटरच्या व्हीलबेसवर त्याचं इंचभर होतं. पाण्याच्या खुणांमध्ये दिसलं तेच.

दोन्ही बाजूंचे सेंटर बोल्ट आणि चारही यू-बोल्ट नवे टाकले. यू-बोल्ट एकदा ताणले की जुने परत वापरायचे नाहीत हे त्यांनी निक्षून सांगितलं. मजुरीसकट साडेतीन हजाराच्या आत झालं. १०० किलोमीटरवर परत कसले, तेव्हा पाव आटा फिरला, मग १००० वर, तेव्हा जागचे हलले नाहीत. थ्रस्ट आता शून्याच्या जवळ आहे. स्टेअरिंग सरळ.

थरथर मात्र अजून होती. ती मी स्वतः शोधली. ८० वर चौथ्या गिअरमध्ये आणि पाचव्या गिअरमध्ये सारखीच, म्हणजे इंजिनचा संबंध नाही. मग पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे टाकली. थरथर स्टेअरिंगमधून गेली आणि सीटखाली आली. म्हणजे दोष चाकातच. घरी जॅकवर उचलून टायरजवळ वीट ठेवली, तिच्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून चाक हळू फिरवलं तर एका जागी टायर बाहेर येऊन टोकाला लागायचा. आणि आतल्या बाजूला, जिथे मी त्या संध्याकाळी टॉर्च मारला नव्हता, तिथे साइडवॉलवर अर्ध्या लिंबाएवढा फुगा. या टायरवर मी दीड महिना हायवेला बायकापोरांना घेऊन फिरलो होतो. बॅलन्सिंगने वजनाचा फरक जातो, टायरचा आकार बिघडला असेल तर जात नाही. आणि फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले, त्यावर दुसरा उपाय नाही. टायर जोडीने बदलले, कारण एकाच एक्सलवर घेर सारखा हवा, फोर बाय फोरमध्ये तर जास्तच.

टक्क आवाजाला सगळे बॉल जॉइंट म्हणत होते पण नवा आर्म पडूनही तो होताच. शेवटी लक्षात आलं की तो स्टेअरिंगला जाणवत नाही, पायाखालच्या पत्र्याला जाणवतो. केबिन आणि मागचा डाला यांच्यामधली फट दोन्ही बाजूंनी बोटं घालून पाहिली, डावीकडे खाली कमी होती. केबिन चेसिसवर रबरांवर बसते, त्यातलं डावं पुढचं रबर चिरडलं होतं. बदललं, आवाज बंद.

एवढं सगळं झाल्यावर जानेवारीत सकाळच्या थंडीत एक नवीनच कुईकुई सुरू झाली, पुढून डावीकडून. मार्च-एप्रिलमध्ये कमी झाली, मे महिन्यात ४५ च्या उन्हात तर पूर्ण गेली, मला वाटलं बसली. जुलैत गारवा आला आणि परत सुरू. परत वाडीला. मिस्त्रींनी पुढच्या मडगार्डपासून हबपर्यंत मोजलं, डावी बाजू १० मिलिमीटर उंच. नवा आर्म बसवताना चाक लटकत असतानाच बुशचे, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरांचे, बोल्ट पूर्ण कसले होते. हे बुश बाहेरून आर्ममध्ये घट्ट असतात आणि आतली नळी बोल्टने पकडली जाते, मधलं रबर पिळतं. लटकत्या अवस्थेत कसले तर गाडी खाली टेकल्यावर रबर कायम पिळलेलंच राहतं, उंची वाढवतं, कुरकुरतं आणि लवकर फाटतं. त्यांनी बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी ठेवली, दोन-तीनदा दाबून बसवली आणि त्याच अवस्थेत कसले. अर्ध्या तासाचं काम. उंची बदलली म्हणून अलाइनमेंट परत, यावेळी चार चाकांचंच.

या नऊ महिन्यांत ११ हजार किलोमीटर झाले. मागच्या आठवड्यात शिवमडक्यावरून समृद्धी महामार्गाला लागलो, ८० ते १०० मध्ये कॉफीच्या कपावर रेघ उठत नाही, स्टेअरिंग सरळ. सिमेंटच्या जॉइंटची जी धडधड आहे ती रस्त्याची आहे, दोन्ही बाजूंनी सारखी येते. टायरवर दर महिन्याला तळहात फिरवतो, आतून बाहेर आणि बाहेरून आत, एका दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडला समजायचं, अजून तरी गुळगुळीत आहे.

एक राहिलंय, डाव्या मागच्या शॅकलच्या, म्हणजे पाट्यांचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीच्या, बुशला जरा प्ले (ढिलेपणा) आहे. रिकाम्या गाडीत टॉमी (लोखंडी पहार) लावली की हलतं, माल भरला की आवाज जातो. आंबियाचा तोडा सुरू व्हायच्या आत ते बदलतोय, आणि त्याच दिवशी यू-बोल्टही पुन्हा कसून घेणार आहे. रपट्यावर गावाने मुरूम टाकलाय, पण दोन्ही टोकांना मी चुना लावलेले दगड ठेवलेत.