कब्रस्तानातले फोटो आणि नोंदी कुणाला द्यायच्या आधी हे वाचा

लिहू की नको करत आठ महिने गेले. पण मागच्या महिन्यात मुरुडकडच्या ओळखीच्या एका काकांचा फोन आला, ते त्यांच्या जमातीच्या जुन्या कब्रस्तानातल्या दगडांचे फोटो काढतायत आणि त्यांना "प्रोजेक्टसाठी" कुणीतरी भेटायला येणार आहे म्हणाले. कसा दिसतो, कसा बोलतो विचारलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, मला फसवून गेलेला तोच माणूस होता. म्हणून आता सगळं लिहिते, लांबलं तर लांबू दे.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबाग तालुक्यातले. जुन्या लोकांना "शनवार तेली" म्हटलं की लगेच कळतं, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून ते नाव पडलं. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आमची जमात झाली असं घराघरात सांगतात. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली, बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद. गावात उरली बंद दारं आणि कब्रस्तान. आता तिकडची तिसरी पिढी विचारते की आमचा पणजोबा कुठे पुरलाय. आडनावावरून गाव कळतं, दिवेकर म्हणजे दिवे, पेणकर म्हणजे पेण, पण एका गावात दहा घरं असली तर त्यातलं आपलं कुठलं हे आडनाव सांगत नाही, ते दगड सांगतो. बापाचं नाव दगडावर असतं.

मी ठाण्याला राहते. बँकेतून रिटायर झाल्यावर २०१७ च्या दिवाळीनंतर हे काम हातात घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, आईची कबर शोधताना बाजूच्या दोन लाद्या फुटलेल्या दिसल्या, मागच्या बाजूला जांभ्याचा गडगा ढासळलेला, पलीकडे कुणाच्यातरी फार्महाऊसचं कुंपण दर वर्षी थोडं पुढे सरकतंय, तेव्हा वाटलं की आत्ता लिहून नाही ठेवलं तर संपलं. ठाण्याहून पहाटेची एसटी, पेण-वडखळ करत अलिबाग आणि तिथून रिक्षा. शनिवारी आमच्यात लिहायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, म्हणून मी रविवारी जायचे, त्यात पावसाळ्याचे चार महिने गेले कारण दगडावर शेवाळ चढतं आणि गवत कमरेएवढं.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी सांगते, दगडावर खडू घासू नका, तारेचा ब्रश तर अजिबात नको, खारं वारं लागून दगड आधीच पोपडे धरलेला असतो, घासलं की अक्षरच निघून येतं. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि ऊन तिरपं असताना आरशाने बाजूने उजेड टाकायचा, मग गेलेलं अक्षरही सावलीत उभं राहतं. आमच्या दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी असते आणि दोन्हीत नाव एकच असेल असं नाही, वर यहेझकेल असतो आणि खाली हसाजी, वर मोशे आणि खाली मुसाजी. दोन्ही लिहून घेतली नाहीत तर तिकडच्या नातवाला हिब्रू नावाने शोधून काहीच सापडणार नाही. सालसुद्धा हिब्रू अक्षरांत असतं, प्रत्येक अक्षराला एक आकडा, "तव" म्हणजे ४००, "रेश" २००, "सामेख" ६०, "हे" म्हणजे ५, झाले ६६५, वरचे पाच हजार बहुतेक कोरतच नाहीत ते आपण धरायचे, ५६६५. त्यातून ३७६० वजा केले की १९०५, पण आमचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं म्हणून पहिले तीन-चार महिने १९०४ चे. हे मी आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हझानसाहेबांकडे बसून शिकले, पन्नाशी उलटल्यावर.

अडीच वर्षांत ६१२ दगड झाले. प्रत्येकाचे दोन-तीन फोटो, एक्सेलमध्ये नाव, बापाचं नाव, हिब्रू साल, इंग्रजी साल, कुठल्या ओळीत कितवा. आणि शेवटच्या कॉलमात त्या घराच्या आज जिवंत असलेल्या माणसाचा फोन नंबर. हा कॉलम लक्षात ठेवा.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, आमच्याच किनाऱ्यावर. सुरूची झाडं मुळासकट कबरींवर पडली. लॉकडाऊनमुळे मला जाताच आलं नाही, नंतर गेले तेव्हा २३ दगडांचे तुकडे झालेले आणि त्यातले काही तुकडे तर साफसफाईच्या नावाखाली कुणीतरी भरावात टाकलेले. त्या २३ माणसांचं नाव आता फक्त माझ्या फोटोत होतं.

हा माणूस त्यानंतर आला. कुणीतरी माझा नंबर दिला, व्हॉट्सअपवर आधी आमच्या दोन-तीन सणांच्या शुभेच्छा, मग फोन. "ताई, तुम्ही केलंय ते काम सरकारला जमलं नाही, हे जगातल्या आपल्या सगळ्या लोकांना फुकट दिसलं पाहिजे." स्वतः जमातीतला नाही पण बोलण्यात आमचा मलिद्याचा विधी, एलियाहू हन्नाबी या पैगंबराचा खडक, सगळं बरोब्बर. मला वाटलं किती अभ्यास केलाय. फुकट हा शब्द त्याने त्या एका महिन्यात शंभर वेळा तरी वापरला असेल आणि कागदावर एकदाही नाही, हे मला फार उशिरा कळलं.

अलिबागच्या एसटी स्टँडजवळ चहा घेत त्याने पेन ड्राइव्ह घेतला आणि दोन पानी इंग्रजी कागद पुढे केला. "ही फक्त परवानगी आहे ताई, सर्व्हरवाले याशिवाय फोटो घेत नाहीत." मी बँकेत पस्तीस वर्षं लोकांना वाचल्याशिवाय सही करू नका सांगत आले, आणि माझी साडेतीनची गाडी होती म्हणून शेवटच्या पानावर सही केली. कॉपी मागितली तर म्हणाला मेल करतो. वर "सर्व्हर आणि स्कॅनिंगचा" म्हणून १५,००० रुपयेही मी दिले, आनंदाने दिले.

दीड वर्ष काही नाही. विचारलं की "काम चालू आहे ताई". मग बीरशेबाच्या मावसबहिणीचा रात्री फोन, तिला आजोबांच्या कबरीचा फोटो एका वेबसाईटवर सापडला, ४९ डॉलर भरून, आणि ती मला खुशीने सांगतेय की बघ कुणीतरी आपल्या आजोबांचा फोटो काढून ठेवलाय. तो फोटो माझा. खाली कोपऱ्यात माझ्या छत्रीचं टोक दिसतं. वर त्यांचा शिक्का, खाली सर्व हक्क राखीव, माझं नाव कुठेही नाही.

ती यादी माझीच हे मला एका चुकीवरून खात्रीने कळलं. हिब्रूत "हे" आणि "खेत" ही अक्षरं फार सारखी, "हे"चा डावा पाय वरून सुटा असतो, ती फट शेवाळाने भरली की "खेत" दिसतं, आणि खेत म्हणजे ८. एका बाईंचं साल मी ५६६५ च्या जागी ५६६८ लिहिलं होतं, पेन ड्राइव्ह दिल्यानंतर त्यांच्या पणतूने घरचा जुना कागद दाखवला तेव्हा मी माझ्याकडे दुरुस्त केलं. त्या वेबसाईटवर अजून ५६६८ आहे.

पण खरं वाईट पुढे झालं. त्या नंबरांच्या कॉलमवरून त्याने एकेका घराला फोन केले, "तुमच्या वडिलांची कबर फुटली आहे, दुरुस्तीला अमुक लागतील", माझं नाव सांगून. माझ्या ८१ वर्षांच्या आत्याने २०,००० पाठवले. कबरीला कुणी हातही लावलेला नाही, मी जाऊन बघून आले. लोकांनी मला नंबर विश्वासाने दिले होते आणि मी ते एका एक्सेलमध्ये, पासवर्डसुद्धा न घालता, परक्या माणसाच्या हातात दिले. आत्या मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी चिडून सगळे फोटो एका फुकट साईटवर स्वतः टाकले. नऊ दिवसांत खाली उतरवले गेले, कॉपीराइटची तक्रार आली म्हणून. माझ्याच फोटोंवर! तक्रारीबरोबर त्या कागदाचा स्कॅन, माझी सही. तेव्हा तो कागद पहिल्यांदा पूर्ण वाचला, त्यात परवानगी नव्हती, असाइनमेंट होती, म्हणजे फोटोंचा हक्कच त्याच्या नावावर, जगभर आणि कायमचा.

वकीलबाईंकडे गेले त्यांनी जे समजावलं ते तसंच्या तसं लिहिते कारण हे मला आधी माहीत असतं तर. दगडावरचं नाव, साल, बापाचं नाव, ही माहिती आहे, तिच्यावर कुणाचाच कॉपीराइट नाही, ना माझा ना त्याचा. नुसती मेहनत केली म्हणून यादीवर हक्क मिळत नाही, ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००७ साली सांगितलंय की थोडी तरी स्वतःची निर्मिती, निवड, बुद्धी त्यात लागते. हे ऐकून मी रडले, अडीच वर्षांचे रविवार त्यात होते. पण नीट विचार केल्यावर पटलं, पणजोबाचं नाव माझ्या मालकीचं झालं तर उद्या त्याच्याही मालकीचं होऊ शकतं.

फोटोचं तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारा हा त्याचा मालक, जर कुणी पैसे देऊन काढून घेतलेला नसेल तर, आणि त्यासाठी रजिस्टर करावं लागत नाही. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच दिला जातो, तोंडी नाही, म्हणूनच त्याला माझी सही इतकी हवी होती. कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, माझ्या कागदात त्याने दोन्ही भरून ठेवलेलं होतं. आणि हक्क विकला तरी "हे मी काढलंय" म्हणायचा अधिकार जात नाही, कलम ५७, त्यामुळे माझं नाव काढून टाकणं हे त्या सहीनंतरही चूकच. शिवाय खोटं सांगून घेतलेली संमती आपण रद्द करू शकतो, ते १८७२ च्या करार कायद्यात आहे. नोटीस गेली आहे, पैशांबाबत पोलिसात फसवणुकीची तक्रार दिली आहे, न्याय संहितेचं कलम ३१८. आत्याने पैसे पाठवले त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता तर कदाचित ते थांबवता आले असते, आम्हाला कळलं चार महिन्यांनी.

तर काकांना मी फोनवर जे सांगितलं तेच इथे. कागद आला की त्यात असाइन, ट्रान्सफर, एक्सक्लुझिव्ह असले शब्द शोधा, सापडले तर सही नाही, कितीही गोड बोलू दे. परवानगी द्यायची तर दोन ओळी स्वतः मराठीत लिहा की फोटो माझे, मी दुसरीकडेही टाकणार, बघायला पैसे घ्यायचे नाहीत, नाव लावायचं, आणि हे मोडलं तर परवानगी संपली. मूळ फाईल कधीच देऊ नका, लहान करून द्या, मूळ फाईलमध्ये तारीख-वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती असते तो तुमचा पुरावा आहे, तो तुमच्याकडेच राहू दे. जिवंत माणसांचे नंबर, पत्ते वेगळ्या फाईलमध्ये, ती कुणालाच नाही. कब्रस्तानाच्या ट्रस्टींचीही लेखी संमती घ्या, मी घेतली नव्हती, त्यामुळे आता ट्रस्टीही माझ्यावर नाराज आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. आणि फुकट द्यायचंच असेल तर त्यासाठी मधला माणूस लागत नाही, ज्यूंच्या कबरींसाठी ज्यूइशजेन या वंशावळीच्या वेबसाईटची दफन-नोंदणी आहे, दापोली कॅम्पसारख्या ठिकाणच्या इंग्रजांच्या कबरींसाठी बाक्सा ही संस्था १९७६ पासून काम करते, तिथे आपण स्वतः थेट लिहू शकतो. फाइंड अ ग्रेव्ह या कबरींच्या वेबसाईटवरही फुकट टाकता येतं, पण ती २०१३ पासून अॅन्सेस्ट्री या कंपनीची आहे हे माहीत असू द्या, कुठेही टाकण्याआधी त्यांच्या अटी कुणाकडून तरी वाचून घ्या.

वकीलबाईंनी अजून एक गोष्ट सांगितली तिने मला उभं केलं. तुम्ही त्याला ते फोटो दिलेत, दगड नाही दिलेत, जाऊन परत काढा, नवे फोटो नव्याने तुमचे. म्हणून ऑक्टोबरपासून परत रविवारची पहाटेची एसटी. या वेळी भाची बरोबर असते, ती आरसा धरते. आजपर्यंत १४७ झाले.

ते २३ मात्र परत काढता येणार नाहीत. माझ्या हार्ड डिस्कवर आहेत, मी रोज बघू शकते, घरच्या कुणी मागितला तर त्याला खासगीत पाठवायला अडचण नाही असं वकीलबाई म्हणतात, पण नोटीशीचा निकाल लागेपर्यंत सगळ्यांसाठी टाकता येत नाहीत. त्यांची नावं टाकता येतात, तेवढी टाकलीत, हिब्रू आणि मराठी दोन्ही, फोटोची जागा रिकामी ठेवून. त्यात कुणाचं घर असेल तर मला कळवा, मी पाठवते.