टाकी हलवून देणाऱ्याने केलेली फसवणूक चौथ्या दिवशी कळते

माशांची टाकी नव्या घरात लागते त्या संध्याकाळी सगळं छान दिसतं. दिवा लागलेला असतो, पाणी जरासं गढूळ असतं, पण मासे फिरताना दिसतात. हलवणारा माणूस हात पुसत म्हणतो, "उद्यापर्यंत काचेसारखं स्वच्छ होईल." उरलेले पैसे त्याच्या हातावर पडतात आणि "सर्व सामान सुस्थितीत मिळालं" या कागदावर सही होते. प्लांटेड, म्हणजे जिवंत झाडं लावलेली टाकी हलवण्यातली सगळी फसवणूक या सहीच्या आधाराने चालते, कारण त्या दिवशी केलेला निष्काळजीपणा आणि केलेली चोरी, दोन्ही तीन-चार दिवस झाकलेली राहतात.

अशाच एका टाकीचं काय झालं ते बघा. १२० × ४५ × ६० सेंटिमीटर, १२ मिलीमीटर काच, वरच्या कडेला आधाराची पट्टी नाही. तीन वर्षं चाललेली. क्रिप्टोकोरिनचं दाट रान, ड्रिफ्टवुडवर (पाण्यातल्या लाकडावर) अनुबियास आणि ब्यूसेफॅलँड्रा ही झाडं, आणि मासे म्हणजे ४० निऑन टेट्रा, १२ कोरिडोरास. हलवणाऱ्याने फोनवर तीन गोष्टी कबूल केल्या होत्या: काम एका दिवसात, टाकीतलं सगळं पाणी ड्रममधून सोबत म्हणजे ‘सायकल’ (माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारी जिवाणूंची साखळी) शाबूत, आणि मासे त्याच रात्री टाकीत. पैसे जवळजवळ सगळे आगाऊ.

प्रत्यक्षात पाणी १० सेंटिमीटरवर आणून, सॉइल (झाडांसाठी तळाला घातलेली दाणेदार माती) आणि लाकडांसकट टाकी चौघांनी उचलली. कॅनिस्टर फिल्टरच्या, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्यातल्या फिल्टरच्या, तोट्या बंद करून तो तसाच भरलेला गाडीत ठेवला. तो उघडला पाच तासांनी. नव्या घरी पोचल्यावर सॉइल ढवळलेली बघून "ही सॉइल मेली आहे, आता झाडं धरणार नाहीत" असं सांगून ती काढून टाकली आणि गाडीतच ‘योगायोगाने’ असलेल्या पिशव्यांमधून नवीन सॉइल विकली. वर ‘इन्स्टंट बॅक्टेरिया’ची बाटली. रात्री मासे सोडले.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, टेट्रा पृष्ठभागावर येऊन हवा गिळू लागले. अमोनियाच्या किटमध्ये पाणी गडद हिरवं, ४ पीपीएम. हलवणाऱ्याचं उत्तर, "मासे आधीच अशक्त होते." चौथ्या दिवशी मालकाने कॅनिस्टर उघडला. आतल्या रिंगा पांढऱ्याशुभ्र होत्या, खडूसारख्या. तीन वर्षं वापरलेला मीडिया (फिल्टरमध्ये भरलेलं, जिवाणू धरून ठेवणारं सामान) पांढरा असूच शकत नाही. सहाव्या दिवशी स्टँडच्या कडेला ओलसर रेघ दिसली. नवव्या दिवशी १७ टेट्रा आणि ३ कोरिडोरास उरले होते, आणि फोन लागत नव्हता.

आता यातलं एकेक उलगडून बघू. सुरुवात फिल्टरपासून, कारण सगळ्यात जास्त चोरी तिथेच होते.

अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात जवळजवळ नसतातच. ते पृष्ठभागांना चिकटून राहतात: फिल्टरचा मीडिया, सॉइल, लाकूड, पानं. त्यामुळे ‘जुनं पाणी नेलं की सायकल टिकते’ हे साफ खोटं आहे, आणि ड्रममागे पैसे लावायला सोयीचं. जुनं पाणी अर्ध्यापर्यंत न्यावं, पण ते माशांना त्याच क्षारांचं पाणी मिळावं म्हणून. तेही वरचं स्वच्छ, तळ ढवळण्याआधी काढलेलं. शेवटचं चिखलाचं पाणी झाडांच्या कुंड्यांत ओतावं.

जिवाणूंना प्राणवायू लागतो. कॅनिस्टर बंद करून ठेवला की आतल्या पाण्यातला प्राणवायू फार वेळ पुरत नाही. पाच तासांनी झाकण उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास आला, तर जे चांगलं होतं ते संपलं असं समजायचं. तसाच फिल्टर सुरू केला तर ते सगळं टाकीत जातं. म्हणून मीडिया कॅनिस्टरमधून बाहेर काढून, टाकीच्या पाण्याने ओला ठेवून, झाकण सैल असलेल्या बादलीत न्यायचा. पाण्यात बुडवून नव्हे, नुसता ओला. हवा लागली की तो तासन्‌तास टिकतो. बुडवूनच न्यायचा असेल तर बॅटरीवरचा एअर पंप चालू हवा. आणि नव्या घरी सगळ्यात आधी फिल्टर सुरू करायचा, टाकी लागायची असली तरी. माशांच्या टबवर लावला तरी चालतो.

चोरी कशी होते? चांगला सिंटर्ड ग्लासचा (भाजून सच्छिद्र केलेल्या काचेचा) मीडिया महाग असतो आणि धुऊन पुन्हा विकता येतो. त्याजागी स्वस्त सिरॅमिक रिंगा भरल्या की कॅनिस्टर बाहेरून तसाच दिसतो, पाणीही फिरतं. कोणी लगेच उघडून बघत नाही. उपाय अगदी साधा आहे. हलवायच्या आदल्या दिवशी मीडिया जाळीच्या पिशव्यांत भरा, प्रत्येक पिशवीला रंगीत नायलॉनचा दोरा आपल्या हाताच्या गाठीने बांधा, पाणी निथळवून वजन करा, फोटो काढा. आणि ती बादली स्वतःच्या गाडीत ठेवा. हलवणारा यावर कुरकुर करत असेल तर त्याचं कारण त्यालाच विचारा.

सॉइलची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तिथे हलवणाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं असतं. दोन-तीन वर्षांनी ॲक्टिव्ह सॉइलची पोषक द्रव्यं खरंच कमी होतात, दाणे फुटून चिखल होतो, बदलणं योग्य ठरू शकतं. पण नवीन सॉइल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. म्हणून नवीन सॉइल घातलेल्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत, साधारण दोन ते चार आठवडे, मासे सोडायचे नसतात. ‘नवीन सॉइल’ आणि ‘आज रात्री मासे’ ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून आली, तर त्याला एक तर काम येत नाही किंवा त्याला पिशव्या खपवायच्या आहेत. नवीन सॉइल हवीच असेल तर मासे तोवर टबात, जुन्या मीडियाचा फिल्टर आणि हीटर लावून.

जुनीच वापरायची असली तरी ढवळून तशीच ओतायची नाही. तिच्यात वर्षांचा गाळ असतो आणि तो मोकळा झाला की अमोनिया तितकाच चढतो. वरचा भाग उथळ भांड्याने काढून ठेवा, तळाचा काळा, वासाचा थर टाका. वाळू किंवा खडी असेल तर टाकीच्या पाण्यात खळखळून धुता येते. सॉइल तशी धुतली तर तिचा लगदा होतो.

पिशवीत खरी ॲक्टिव्ह सॉइल आहे की रंगवलेली खडी, हे घरी तपासता येतं. मूठभर सॉइल एका ग्लास पाण्यात रात्रभर ठेवा, शेजारी नुसत्या पाण्याचा ग्लास ठेवा आणि सकाळी दोन्हींचा पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचं माप) मोजा. खरी सॉइल पीएच खाली ओढते, खडी नाही. दाणा नखाने चिरडून बघा. खडी चिरडत नाही.

इथे पीएचचा आणखी एक पैलू आहे, आणि ‘मासे अशक्त होते’ हे उत्तर बहुतेकदा यातूनच सुटतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला अर्धा टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला साधारण ५ टक्के. म्हणजे किटवरचा आकडा तोच आणि विष दसपट. बंद पिशवीत माशांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच खाली जातो आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विष होतो. त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडी टाकून तासभर थेंबथेंब पाणी घालत बसणं घातक. बंद पिशवी टाकीत १५-२० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग मासे जाळीत काढून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. दोन्हीकडच्या पाण्याच्या क्षारांत मोठा फरक असेल तर अर्धं जुनं पाणी तिथे कामाला येतं.

काचेचं गणित कोणीही करून बघावं. काचेचं वजन दर मिलीमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो. वरच्या टाकीच्या पाच काचा मिळून २.५२ चौरस मीटर, म्हणजे रिकामी टाकीच ७५ किलो. ७ सेंटिमीटर सॉइल म्हणजे ३८ लिटर, ओली असताना ५० किलोच्या घरात. वर पाणी, लाकूड, दगड. हे सगळं घेऊन टाकी कडांवर उचलली की तळाची काच मधे वाकते, सिलिकॉनच्या सांध्यावर आडवा ताण येतो, आणि सांधा केसाइतका सुटतो. त्या दिवशी काही गळत नाही. ६० सेंटिमीटर पाण्याचा दाब काही दिवस बसला की रेघ ओली होते. रिकामी टाकीसुद्धा काचेच्या सक्शन कपांनी किंवा तळाखालून पट्ट्यांनीच उचलायची, वरच्या कडेला धरून कधीही नाही.

नव्या जागी टाकी स्टँडवर ठेवून, सॉइल घालण्याआधी, पूर्ण भरून २४ तास ठेवा आणि तळाच्या चारी कडांना टिश्यूची कोरडी पट्टी लावा. ‘एका दिवसात काम’ म्हणणाऱ्याचा सगळ्यात जास्त राग याच २४ तासांवर असतो. स्टँड समतळ करताना पाचर स्टँडच्या पायाखाली जाते, टाकीखाली नाही. सपाट तळाच्या टाकीखाली ६ ते १० मिलीमीटर फोम हवा. ज्या टाकीचा तळ चौकटीत उचललेला असतो तिच्याखाली फोम घालायचा नसतो.

झाडांना कार्बन डायऑक्साइड देणाऱ्या सीओटू सिलिंडरबद्दल एवढंच की गेजवर विश्वास ठेवू नका. आत द्रव सीओटू शिल्लक आहे तोवर काटा हलत नाही. २० अंशांच्या आसपास तो साधारण ५५ ते ६० बारवरच उभा राहतो, आत दोन किलो असो की दोनशे ग्रॅम. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन ठोकलेलं असतं. न्यायच्या आधी आणि आल्यावर वजन करा, सिलिंडरचा आणि रेग्युलेटरचा क्रमांक फोटोत ठेवा. निघण्याआधी रेग्युलेटर काढून ठेवायचा, सिलिंडर उभा बांधायचा.

माशांची मोजणी पिशवीत भरताना, व्हिडिओसमोर. ‘वाटेत मेले’ असं म्हटलं तर मेलेला मासा दाखवायला हवा, नाहीतर तो हरवला नाही, विकला गेला. कोरिडोरास वेगळ्या भांड्यात न्यायचे. त्यांचे काटे पिशवी फाडतात, आणि घाबरले की ते जे सोडतात त्याने लहानशा पाण्यात बाकीचेही मरू शकतात.

फोनवरच माणूस ओळखायला दोन प्रश्न पुरतात. एक, हीटर कधी बंद करणार? पाणी काढायच्या निदान अर्धा तास आधी, नाहीतर गरम काच उघडी पडून तडकते. दोन, आधी काय काढणार, मासे की झाडं? भरलेल्या प्लांटेड टाकीत आधी मासे पकडायला निघालेल्याने अशी टाकी कधी हलवलेलीच नाही. स्वच्छ पाणी ड्रममध्ये, मग झाडं ओल्या कागदात गुंडाळून बंद डब्यात, मग लाकूड-दगड, पाणी १५ सेंटिमीटरवर आल्यावर मासे, आणि शेवटी सॉइल.

पैसे तीन भागांत: ठरवताना, भरलेली टाकी २४ तास न गळता राहिल्यावर, आणि सात दिवसांनी अमोनिया शून्य आल्यावर. प्रामाणिक माणूस यावर घासाघीस करेल, पण बोलेल. ‘सर्व सुस्थितीत’वर पहिल्या रात्री सही नको. ‘टाकी आणली, तपासणी बाकी’ असं स्वतः लिहा.

फसवणुकीची दुसरी फेरी साधारण आठवड्याने येते. क्रिप्टोकोरिनची पानं हलवल्यानंतर विरघळून जातात, टाकी उजाड दिसते, आणि "झाडं गेली, नवीन लावून देतो" असा फोन येतो. मुळं उपटू देऊ नका. ती जिवंत असतात आणि तीन-चार आठवड्यांत नवीन पानं फुटतात. सडलेली पानं तेवढी कापून काढा, दिवा सहा तासांवर ठेवा.

अमोनिया चढलाच असेल तर खाणं बंद, रोज निम्मं पाणी बदला, पाण्याला डिक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) हवाच. रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन जाईल, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) जात नाही. शक्य असेल तर कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीच्या फिल्टरमधला मूठभर मळका स्पंज आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. बाटलीपेक्षा तो कितीतरी भरवशाचा. आणि कडेला ओली रेघ दिसली तर पाणी निम्म्याखाली आणा, मासे टबात हलवा. "वरून सिलिकॉन मारून देतो" म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. सांधा पूर्ण खरवडून, काच कोरडी करून, बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनने नव्याने भरावा लागतो आणि टाकीत पाणी भरण्याआधी आठवडाभर सुकू द्यावा लागतो.