आठ महिने, एक ड्रायसूट आणि पाठीवरची चेन

जानेवारीत ड्रायसूट, म्हणजे थंड पाण्यात अंग कोरडं ठेवणारा डायव्हिंगचा सूट, घेतला तेव्हा त्याच्या परीक्षणात चार स्टार दिले होते. एप्रिलमध्ये रागाच्या भरात एकावर आणले. आज दुसऱ्यांदा बदलतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन थरांचं ट्रायलॅमिनेट कापड, मनगट-गळ्याला पाणी अडवणारे लेटेक्स सील, छातीवर हवा भरायचा इन्फ्लेटर, डाव्या दंडावर हवा सोडायचा एक्झॉस्ट. हे सगळं वाचणाऱ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते चेनबद्दल. पुढे तिरकी चेन असलेला, आपला आपण घालता येणारा सूट बराच महाग होता. ‘पाठीमागे चेन असली म्हणून काय बिघडतं, सोबतचा डायव्हर, म्हणजे बडी, असतोच की’ अशी स्वतःची समजूत घालून मी पाठीमागच्या चेनचा घेतला.

बिघडतं.

डायव्हिंगसाठीच निघालेल्या गटात असाल तर प्रश्न नाही, तिथे दहा हात मदतीला असतात. कुटुंबाच्या सुट्टीत डायव्हिंग घुसवायचं म्हटलं की चित्र बदलतं. बडी त्याच सकाळी ओळख झालेला असतो. बायको गाडीत घड्याळ बघत असते. आणि थंड पाण्याच्या डाइव्हआधी तीनदा लघवीला जावं लागतं, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. दर वेळी कोणाला तरी ‘जरा चेन काढता का’ म्हणायचं, आणि परत आल्यावर ‘जरा लावता का’. पाणी कमी प्यावं म्हटलं तर तेही योग्य नाही, शरीर कोरडं पडलं की डीकम्प्रेशन आजाराचा (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढतो.

एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला गेलो. बेत मला अजूनही चोख वाटतो. मी सान कार्लोस बीचवरून पाण्यात शिरणार, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या मत्स्यालयात. तिथे काचेआड केल्पचं, म्हणजे लांबलचक समुद्री शेवाळाचं, उंच जंगल आहे. म्हणजे मी जे पाण्यात बघणार तेच त्या कोरड्या कपड्यांत बघणार, कोणाची तक्रार नको. डाइव्ह सहलीच्या पहिल्या दोन दिवसांत ठेवले, कारण अनेक डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास थांबावं, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हिंग सुरक्षेची संस्था सांगते. शेवटच्या दिवसावर डायव्हिंग ठेवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

पाणी ११ अंश. वसंतात तिथे खोलातलं थंड पाणी वर येतं, त्यामुळे कॅलिफोर्निया म्हणजे ऊन ही कल्पना किनाऱ्यावरच सोडायची. नव्या बडीने चेन लावली, पाठीवर थाप मारली, आम्ही उतरलो. नऊ मीटरवर केल्पचे दोर वर जाताना दिसत होते, बांधाच्या दगडांवरून सी लायन धपाधप उड्या टाकत होते. आणि उजव्या खांद्यामागे थंडगार बोट फिरल्यासारखं वाटलं. मग ते बोट कण्यावरून खाली उतरलं. मग कमरेपर्यंत सगळं ओलं. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं, हे वाक्य मी कोर्समध्ये पाठ केलं होतं. त्याचा अर्थ चौदाव्या मिनिटाला कळला.

गाडीत हीटर पूर्ण लावून दात वाजवत बसलो होतो. बायको काही बोलली नाही, हे जास्त वाईट. मुलगी म्हणाली, “बाबा, तुला पाण्यातच जायचं होतं ना?”

उरलेले दोन डाइव्ह भाड्याच्या ७ मिलिमीटर जाडीच्या वेटसूटमध्ये (त्यात पाणी आत येतंच) केले. स्वतःचा सूट खोलीत दोरीवर लटकत असताना दुसऱ्याच्या सूटचं भाडं भरणं, हे दुःख ज्याला कळेल त्याला कळेल. तिथेच बसून तो एक स्टारवाला मजकूर लिहिला होता.

घरी येऊन सूट सेवा केंद्राला पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर: हवा भरून, साबणाचं पाणी मारून तपासला, गळती नाही. मी म्हटलं, मग माझ्या पाठीवरून काय वाहत होतं? पाच ईमेल झाले. चौथ्यात त्यांनी विचारलं, “चेन कोणी लावली होती?” माझं डोकंच फिरलं. एवढा महाग सूट आणि खापर गिऱ्हाइकावर! (हो, मी स्वस्तातला म्हटलं होतं. भांडताना तो महाग असतो.)

सूट परत आल्यावर त्यांना खोटं पाडायचं ठरवून घरी चाचणी घेतली. मनगटांच्या सीलमध्ये दोन रिकाम्या बाटल्या, गळ्यात मुलीचा चेंडू, एक्झॉस्ट बंद, आणि हवा भरली. न्हाणीघरात बिनडोक्याचा माणूस फुगून बसल्यासारखं दिसत होतं. साबण फासला. एकही बुडबुडा नाही. मग मुलगी म्हणाली, “थोडी उघडी ठेवून बघू?” तिने चेन जेमतेम अर्धा इंच मागे घेतली आणि खांद्यामागे फेसाची रांग उठली.

तर प्रकार असा. ही प्लास्टिकची चेन आहे. टोकाला रबराची खाच असते, रनर तिच्यात दाबून बसला तरच पाणी अडतं. शेवटचा अर्धा इंच जड जातो, आणि ओढणाऱ्याला वाटतं की झालं, लागली. त्यावर झाकणारी पट्टी, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. माझ्या पाठीमागचं मला तर दिसणारच नाही. उपाय म्हणजे टोकाच्या खाचेत, आणि फक्त तिथेच, थोडं सिलिकॉन ग्रीस. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

म्हणून सेवा केंद्रावरचा आरोप मागे. तरी एक प्रश्न राहतोच: ज्या अर्ध्या इंचावर सगळा सूट अवलंबून आहे, तो पट्टीखाली का लपवायचा?

सप्टेंबरात आइसलँडला सिल्फ्रा नावाच्या, पाण्याने भरलेल्या भेगेत उतरलो. पाणी बारा महिने २ ते ४ अंश, ड्रायसूटशिवाय डायव्हिंगची परवानगीच नाही. सहल नेणारे सूट देतातच, तरी मी माझाच नेला. बॅगेचं वजन त्यामुळे वाढलं, त्यावर घरात झालेली चर्चा इथे देत नाही. बारा वर्षांखालच्यांना तिथे स्नॉर्केलही करता येत नाही, त्यामुळे मुलगी नाराज होती. तिला काम दिलं: चेन. वाहनतळावर वारा सुटलेला, माझे आतले कपडे फुगलेले. तिने आधी दातांवरून बोट फिरवलं, लोकरीचा एक धागा अडकला होता तो काढला. चेन ओढली, पट्टी उचलली, टोक अंगठ्याने दाबलं.

“बसली,” ती म्हणाली. मग परत दाबलं. “आता बसली.”

दोन डाइव्ह, प्रत्येकी जवळपास अर्धा तास. ओठ बधिर, बोटं बधिर. पाठ कोरडी. सूट काढला तेव्हा आतल्या बनियनवर पाण्याचा थेंब नव्हता, हे मी बायकोला हात लावून बघायला लावलं.

साडेतीन स्टार. पुढच्या चेनचा परवडत असेल तर तोच घ्या.

ताजा कलम: डाव्या मनगटाचा लेटेक्स सील आता चिकट व्हायला लागलाय. लेटेक्सला तेल आणि सनस्क्रीन चालत नाही, आणि उन्हाळ्यात तळ्यावर मला सूटमधून बाहेर ओढताना मुलीचे हात सनस्क्रीनने माखलेले होते. सेवा केंद्राला ईमेल लिहायला घेतलाय. त्यांचा पहिला प्रश्न काय असेल ते मला माहीत आहे.